झेंडू सगळ्याच दारांना

सक्करदरा, नागपूर
डिसेंबर १९७८

प्रिय प्रेमिला,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. जावईबापू ऑफिसात गेले, पोरं शाळेत गेली, की पदराला हात पूस, बस आणि मग वाच. पत्र लांब होणार आहे आणि त्यात झाडाफुलांचंच फार येणार आहे. तुला वाटेल, म्हाताऱ्याला उद्योग नाही, बसला कागद भरत. तसं नाही बाई. मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो. तुझ्या भावानं, केशवनं, आपल्या फाटकाला कुलूप लावलं आहे. सकाळी मी तुझ्या आईच्या मागं जायला तयार असलो तरच ते उघडतं, एरवी दिवसभर बंद. ती फाटकाशी येऊन उभी राहते, सळयांतून हात बाहेर काढते आणि बोटं हलवत राहते, जणू बाहेर ऊन किती चढलं ते चाचपून पाहून राहिली आहे. आता ते कुलूप सकाळचंही उघडेल की नाही, इथवर गोष्ट आली आहे.

तिचं विसरणं कसं वाढत गेलं ते तुला ठाऊक आहे. डॉक्टर म्हणतात वयाचं आहे, याला औषध नाही. पण तुला ठाऊक नाही ते असं की नावं गेली, नाती गेली, चुलीवर दूध ठेवल्याचं भान गेलं, तरी तिची वाट गेली नव्हती. सावनेरकडच्या खेड्यातून ती लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला पाटी वाचता येत नव्हती, आणि पुढेही ती त्या भानगडीत पडली नाही. मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता वाचायला शिकलो, पण तिला अक्षरांची कधी गरजच वाटली नाही. पत्ता सांगायची तिची रीत आठवते ना? शेवग्याच्या घरापासून वळा, मग चिंच लागते, चिंचेसमोर भीमाबाई. पोस्टमनलासुद्धा तिनं असाच पत्ता सांगितला होता आणि तो बरोबर पोचला होता.

फाल्गुनात एकदा सकाळी मी मोगऱ्याला आळं करत होतो, मागं वळून पाहतो तर ही नाही. माझ्या हातातलं खुरपं तिथंच राहिलं. तलावाच्या काठानं धापा टाकत गेलो. तलावापलीकडे पडीक जागेत पळस आहे ना, तुम्ही लहान असताना त्याच्या फुलांचा रंग करत होता, त्याच्याखाली ही निवांत बसलेली. पळस असा पेटलेला की दुरून पाहणाराला वाटावं कोणी शेकोटी केली. मला पाहून ती उठली आणि माझ्या पुढं पुढं घरी आली, एकदाही न चुकता. दुसऱ्या दिवशी मी हात धरून न्यायला गेलो तर हिसका देऊन म्हणाली, "काहून हात धरून राहिले? मी आंधळी झाली का?" तेव्हापासून मी मागं राहायला शिकलो. ती पुढं, मी मागं, चोरासारखा. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मला फार बरं वाटायचं. इतक्या वर्षांत आम्ही दोघं कधी नुसते फिरायला म्हणून निघालो नव्हतो.

मग चैत्र आला आणि पळस झडला. त्या दिवशी ती वळणावर येऊन थांबली आणि पळसाकडे अशी पाहत राहिली की जसं काही तिथं कोणी परका माणूस उभा आहे. मागं वळेना, पुढं जाईना. रस्त्यावरचे लोक पाहायला लागले. एकानं विचारलं, आजीचं काही हरवलं का गा? तिथं मला उमगलं. पानं तिला दिसत नाहीत, म्हणजे दिसतात पण ओळख पटत नाही. फूल असेल तर झाड तिचं, फूल गेलं की तेच झाड अनोळखी. नशीब की शाळेच्या भिंतीजवळचा बहावा तेव्हाच फुलायला लागला होता. पाचसहा दिवस तिला घराच्या आसपास घुटमळत ठेवलं, मग तिनं आपणच बहाव्याची वाट धरली. त्यानंतर गुलमोहर. पूर्वी बहावा झडायला लागला की मी म्हणत असे, चला, आता कूलरचे दिवस संपत आले. औंदा मात्र रोज सकाळी वर पाहून किती घोस उरले त्याचा अंदाज घेत होतो. तापाच्या माणसाच्या उशाशी बसावं तसा मी झाडांच्या उशाशी बसलो होतो, असं म्हण.

पावसाळ्यात तर सगळंच हिरवं. तरोटा गुडघ्याएवढा वाढला, भिंतींवर शेवाळ चढलं, आणि तिला एकही ओळखीचं तोंड दिसेना. कोपऱ्यावरून आपलंच घर तिला ओळखू येईना. मग मी फाटकाच्या दोन्ही बाजूंना, पार रस्त्याच्या नालीपर्यंत झेंडू लावला. भादव्यात तो असा फुलला की कोपऱ्यावरून नुसतं केशरी दिसायचं. ती कोपऱ्यावर येई, झेंडू पाही आणि पाय उचलून सरळ घरात. भीमाबाई म्हणाली, दादा, तुम्ही बाईसाठी पाटी लावली, फक्त अक्षरं फुलांची. मी माझ्यावरच खूश होतो.

आणि दसरा आला.

दसऱ्याला नागपुरात काय असतं ते तुला मी काय सांगू. मी सकाळी स्टुलावर चढून तोरण बांधत होतो, केशव सायकल धुऊन तिला हार घालत होता, सूनबाई कांता स्वयंपाकात. तेवढ्यात आई बाहेर पडली. तिची फिरायची वेळ नव्हती म्हणून कोणाचं लक्ष नव्हतं. आणि बाहेर काय, प्रत्येक दाराला झेंडू! घराला, दुकानाच्या फळीला, रिक्षाच्या हँडलला, पिठाच्या चक्कीला झेंडू. जिकडे पाहील तिकडे तिचंच घर. मी विचारत विचारत निघालो तर प्रत्येक घरी एकच उत्तर, आताच येऊन गेल्या. सणाचं कोणी आलं म्हणून लोकांनी बसवलं, हातावर गोड ठेवलं, पाया पडले. तिनं पाणी प्यायलं, इकडे तिकडे पाहिलं, विचारलं म्हणे, माझी खाट कुठं गेली? आणि उठून पुढच्या घरी. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत असा तिचा माग लागत गेला आणि दुपार कलल्यावर तलावाजवळ येऊन तुटला. तिथून पुढे कोणी पाहिलं नव्हतं. त्यात शहरात दीक्षाभूमीवर आलेली माणसं, सगळे रस्ते पांढरे. त्या गर्दीत एक म्हातारी कुठं शोधायची?

दिवस बुडायला आला तेव्हा केशव तलावात उतरला. कमरेपर्यंत पाण्यात, नवे कपडे अंगावर, बांबूनं तळ चाचपत. मी काठावर उभा. बांबू कशाला अडला की तो थांबायचा, माझ्याकडे पाहायचा नाही, वाकायचा आणि हातानं वर काढायचा. गाळ, टायर, एकदा कोणाचा तरी बुडालेला घट. प्रेमिला, ते वाकणं मी मरेपर्यंत विसरायचो नाही.

ती तलावात नव्हती. उमरेड रस्ता ओलांडून, त्या ट्रकांच्या रांगेतून कशी गेली देव जाणे, पलीकडच्या वस्तीत चंपतराव म्हणून एक गृहस्थ आहेत त्यांच्याकडे सरळ सैपाकघरात जाऊन बसली होती. त्यांच्या सुनेला म्हणाली, कणीक सैल झाली वं, आण इकडे. सून शहाणी, तिनं परात पुढं केली. आई तिथं पोळ्या लाटत राहिली. जायचं नाव घेईना तेव्हा चंपतरावांनी तिला रिक्षात घातलं आणि विचारलं, घर कोणतं? ती म्हणाली, झेंडूवालं. बिचारा रिक्षावाला प्रत्येक दारापुढे थांबत गल्ल्या फिरत होता. दीक्षाभूमीवरून परतणाऱ्या भीमाबाईनं तिला ओळखलं, पांढऱ्या लुगड्यानिशी रिक्षात तिच्याजवळ चढून बसली आणि घेऊन आली. उतरल्यावर आई मला म्हणाली, तुमच्याकडे कार्य आहे का, फुलं फार लावली.

दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं. मी केशवला खूप बोललो. बापाच्या घरात आईला कोंडतो, असंही बोललो. त्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "बाबा, तलावात मी उतरलो होतो. तुम्ही नाही." त्याला वाईट समजू नकोस. पण आठ दिवसांत तिचं जेवण तुटलं. फाटकाशी उभं राहून झेंडूची पानं ओरबाडायची. रात्री पायाला पाय घासत राहायची. शेवटी कांतानं मध्यस्थी केली. ठरलं असं की घरचं कोणी मागं असेल तर सकाळी कुलूप उघडायचं, नसेल त्या दिवशी नाही. तेव्हापासून मी एक सकाळ चुकवली नाही, आणि तिनं पुन्हा दोन घास खाल्ले.

आता तुझं. महालक्ष्म्यांना तू आली होतीस. आईनं तुला पाट दिला, कुंकू लावलं आणि विचारलं, तुम्ही कोणाच्या सून? तू चार दिवस राहायची म्हणून आली होतीस, संध्याकाळच्याच गाडीनं अकोल्याला परत गेलीस. नंतरच्या पत्रांत तू सगळ्यांचं विचारतेस, तिचं विचारत नाहीस. मी रागावलो नाही बाई. पोटच्या पोरीला असं विचारल्यावर काय होतं ते मला समजतं. कसं समजतं ते शेवटी सांगतो.

मी हे लिहितो आहे ते यासाठी. माझ्या हर्नियाचं आता थांबवता येत नाही. पुढच्या आठवड्यात मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन आहे, आणि नंतर संक्रांतीपर्यंत तरी फिरायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे. केशवची कामाची पाळी सकाळची, कांताच्या कडेवर पोर. तू आली नाहीस तर कुलूप लागेल, आणि आता लागलं तर ती पुन्हा त्यातून उठेल असं मला वाटत नाही. म्हणून तुला वर्षभराची वाट लिहून पाठवली. सध्या बुचाची फुलं आहेत. भीमाबाईच्या घरावरून गेलं की वासानंच कळेल, सकाळी रस्त्यावर पांढरा सडा असतो, ती त्यावरून सावकाश जाते, घाई करू नकोस. बूच संपला की शेवगा फुलेल, त्या मधल्या दिवसांत तिला लांब जाऊ देऊ नकोस. हात धरू नकोस, पुढं होऊ नकोस, मागं राहा. ती वळून तुला विचारेल, कोण तुम्ही? तेव्हा नाव सांगू नकोस आणि रडू नकोस. दसऱ्यानंतर पहिल्यांदा आम्ही निघालो तेव्हा बुचाखाली थांबून तिनं मलाही हेच विचारलं होतं. मी म्हणालो, मी इकडचाच आहो, इकडूनच जाऊन राहिलो. तिनं मला खालीवर नीट पाहिलं आणि म्हणाली, "मंग चाला ना संगं. समोर अजून फुलं आहेत."

तुझाच, गाडीवर घ्यायला येणारा,
बाबा