सुरंगीच्या शेतात कुजलेली तूर

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या तुरीवरून मी अजून तुमच्याशी भांडते. आता प्रयोगशाळेत माझं कामच बियांचं आहे. तूर, वाल, मूग पाण्यात बुडवून ठेवायचे, काही गारव्यात, काही उबेत, आणि कोणतं बी किती तग धरतं ते बघायचं. बीसुद्धा श्वास घेतं. उकाड्यात त्याला हवा जास्त लागते, साचलेल्या पाण्यात ती मिळत नाही, मग ते फुगतं, फुटतं आणि आतून सडतं. गारव्यात उगवायला उशीर लावतं, पण पाण्याखाली जरा जास्त टिकतं. नव्या मुलांना हे समजावताना माझा आवाज चढतो. त्यांना वाटतं, बाई कडक आहेत.

ऐंशीच्या दशकाची अखेर. सिल्वासात तुमची सरकारी नोकरी, शेतकऱ्यांना बियाणं देण्याची; टोकरखाड्यात आपलं क्वार्टर. मी शेतकी कॉलेजातून सुट्टीला आले होते, म्हणून तुम्ही मला स्कूटरवरून सुरंगी गावी नेलंत. तिथल्या एका विधवेला तुम्ही नवी तूर पेरायला लावली होती, आणि तीही भाताशेजारच्या सखल तुकड्यात, कारण तो रस्त्याला लागून होता, वरच्या साहेबांना गाडीतून उतरल्या उतरल्या दाखवता आला असता. पेरणीनंतर पाऊस कोसळला, मग कडक ऊन पडलं, पण शेतातलं पाणी हललं नाही. त्या दिवशी साहेब पीक बघायला आले होते; आपण पोचलो तेव्हा एकही कोंब वर नव्हता. साहेब तुमच्याकडे बघत राहिले. तुम्ही सगळ्या गावासमोर त्या बाईला विचारलंत, "बी पेरलंस, की शिजवून खाल्लंस?"

"नाय खाल्ला, साहेब. पाण्यात कुजला."

"यांना फुकट दिलं की हे असं होतं," तुम्ही साहेबांकडे वळून हसलात.

त्या बियाला गुलाबी औषध चोळलेलं होतं, अण्णा! विष आहे, पोरांचा हात लागू देऊ नकोस, असं तुम्हीच तिला बजावलं होतंत. मी चिखलात हात घातला आणि बुळबुळीत, घाण वासाचे दाणे उपसून तुमच्यापुढे धरले. "हे बघा, इथंच आहेत. गुदमरलेत." तुम्ही माझ्या हातावर फटका मारलात. "घरी चल. चार पुस्तकं वाचून बापाला शिकवतेस?"

पुढच्या पावसाळ्यात तिला बियाणं मिळालं नाही. बी खाणारी, हे नाव तिला चिकटलं. ती आमलीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. एकदा बाजारात भेटली आणि तिनंच तुमच्याबद्दल विचारलं, "साहेब बरे हायत ना?" मला कुठं बघावं कळेना.

आणि तुम्ही? तिला बियाणं नाकारलं त्याच पावसाळ्यात सुरंगीत बाकी सगळ्यांना मातीचे उंच वरंबे घालून त्यावर तूर टोकायला लावलीत, पाणी साचू नये म्हणून. छान उगवली. साहेब आपल्याकडे जेवायला आले तेव्हा तुम्ही ऐटीत सांगत होतात, "पाण्यात बी गुदमरतं हो. त्याला हवा लागते." म्हणजे तुम्हाला कळलं होतं! मग हे तिच्यासमोर, त्याच गावासमोर बोलायला तुमची जीभ का वळली नाही? साहेब गेल्यावर मी विचारलं, तर म्हणालात, "झालं ते झालं. ताटं उचल."

हा कागद कुठंच जायचा नाही, म्हणून लिहिते. तुमच्या तोंडून माझा शब्द ऐकला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात आमटीचं पातेलं धरून उभी होते. आधी मला आनंद झाला होता, अण्णा. ती बाई नंतर आठवली.