पायाला हात लावू दिला नाही म्हणून

डिंडोली, सुरत
४ डिसेंबर १९९४

प्रिय जयू,

तुझं पत्र काल आलं. आईला वाचून दाखवताना मधलं एक पान मी गाळलं. तू लिहितेस, सगळं सोडून संक्रांतीच्या आत परत येते, नानांच्या पाया पडते, त्यांचा राग गेला की मग पुढचं पुढे. अगं बये, डोकं ठिकाणावर आहे ना? सुरतेतली दोन वर्षं विलायतेतल्या विद्यापीठाने धरली, उरलेली वकिली तिकडे पुरी करायला शिष्यवृत्ती मिळाली, आणि तू निघालीस बाजारातून भाजी न घेता परत फिरल्यासारखी! एकदा सोडली तर ही जागा पुन्हा मिळायची नाही, हे तूच मला समजावलं होतंस.

इकडचं सांगते. गल्ली पुन्हा भरली. प्लेगच्या भीतीने गावी पळालेले दिवाळीनंतर एकेक करून परतले, बमरोलीतले कापडाचे लूम परत खडखडतायत. शांताबाई शेळीसकट पळाली होती, ती शेळी तिकडेच विकून आली. आईचे गुडघे दुखतात. मी भेस्तानच्या माझ्या घरून सामान आणून सध्या तिच्याजवळच राहते. तुझ्या दाजींनीच सांगितलं, राहा म्हणून.

माझ्या पत्रात सगळ्यांचं असतं, नानांचं काहीच नसतं, म्हणजे ते रागावलेत असं तू धरून बसलीस. त्यांचं बोलणंच तसं होतं गं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, म्हणून तुला चिडवायचे. पण त्यांच्याबरोबर लूमवर असणारे हिलालकाका काय सांगतात ऐक. लूमच्या आवाजात कानाशी तोंड नेऊन ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नाही, तर हा माणूस एकेकाच्या कानाशी जाऊन ओरडायचा, माझी पोर विलायतेत वकील होणार म्हणून. लोक वैतागले होते अगदी.

तू निघालीस त्या दिवशी ते माळ्यावरून खाली आले नाहीत. पाया पडायला तू शिडीवर पाय ठेवलास, तर केवढ्याने खेकसले, जाय, मांगे वळीसन देखू नको! तू रडतच पळणाऱ्या लोकांच्या ट्रकमध्ये बसलीस. जयू, त्यांना ताप होता. आदल्या दिवसापासून. खोकला तुला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात पंचा कोंबून बसले होते. मला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं. दवाखान्यात चला म्हणून मी भांडले, तर माझ्यापुढे हात जोडले त्यांनी. बापाने लेकीपुढे हात जोडले, मी काय करणार होते? त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं, की दवाखान्यात नाव लागलं की सगळ्या घराला अडकवून ठेवणार आणि तुझं विमान जाणार. आणि तू जवळ आलीस तर दुखणं तुझ्याबरोबर जाणार. प्लेगवरच्या औषधाचं एकच पाकीट मिळालं होतं, तेही तुझ्या पर्समध्ये टाकायला लावलं.

तुझा ट्रक वळला आणि आम्ही त्यांना रिक्षात घातलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला. त्याच रविवारी नाना गेले. प्लेग होता की न्यूमोनिया, ते आम्हाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. गल्लीत माणूस नव्हतं. हिलालकाका, हिलालकाकांचा भाऊ, तुझे दाजी, आणि चौथा खांदा मी दिला. आईने सगळ्यांना शपथ घातली, जयूची परीक्षा होईपर्यंत तिला कळता कामा नये. आणि तू लिहितेस काय, तर विमानतळावर नुसता ताप बघितला आणि सोडलं, घरी कोणी आजारी आहे का, हे विचारलंसुद्धा नाही. ते वाचून मी स्टोव्ह बंद केला आणि पोटभर रडले.

आईची शपथ मोडून आज लिहितेय ते तू परत येऊ नयेस म्हणून. पाया पडायला इथे कोणी उरलं नाही, आणि तुझ्यावर राग तर कधीच नव्हता. बातमी कळली की आंघोळ करायची असते, ती तुला तिकडे एकटीला करावी लागणार. वाचून झालं की डोक्यावरून पाणी घे. थंडी असेल, गरम घेतलंस तरी चालतं, कोण बघतंय. रड हवं तेवढं. मग केस नीट कोरडे कर आणि वर्गाला जा.

जन्मभर तुझीच,
सुवर्णाताई