खारवलेली कुत्री

२ मे २०१७, बोर्डी
आले बाई एकदाची. खोली चिकूच्या वाडीतच आहे, खिडकीतून हात काढला की चिकू. वाडी हरिश्चंद्रकाकांची, राखणीची नऊ कुत्रीही त्यांचीच, आणि आजपासून मी त्या कुत्र्यांची डॉक्टर. मैत्रिणी म्हणाल्या होत्या, नूतन, तिकडे कोपऱ्यात कशाला मरायला चाललीस? बसा म्हणावं घाम पुसत, इथे समुद्राचा वारा आहे. काकांनी ताडगोळे पुढे केले आणि म्हणाले, डॉक्टरबेन, घरच्यासारखं राहा.

५ मे
कुत्र्यांचं सगळं लक्ष्या बघतो. जवळच्या कैनाड गावचा, पन्नाशीचा. माणसांशी बोलायला महाग, पण काळीशी दिवसभर गप्पा. नऊंतली ही एकटीच मादी. आज तिनं माझी चप्पल पळवली आणि आपणहून परत आणून दिली. तेव्हापासून आमचं गूळपीठ आहे.

९ मे
काळी भिंतीवर आपटली. तिला दिसत नाहीये. जीभ कोरडी ठाक, पाय थरथरतायत. रक्त वापीच्या लॅबला पाठवलं.
मी खोदखोदून विचारल्यावर लक्ष्यानं तोंड उघडलं. मोसमात चिकूचोर फार, म्हणून काकांचा हुकूम: भातात सुक्या बोंबलांबरोबर मूठभर मीठ घालायचं आणि पाणी दिवसाआड वाटीभर. तहानलेलं कुत्रं झोपत नाही म्हणे. काकांच्या वडिलांपासूनची रीत. माझं डोकंच सटकलं.

१० मे
रिपोर्ट आला. सोडियम १८८, हवं दीडशेच्या आसपास. आम्लही वाढलंय. रक्त इतकं खारट झालं की मेंदूतलं पाणी ओढलं जातं, मेंदू आकसतो. आणि खरी गोम पुढेच आहे. पाणी एकदम दिलं तर तोच मेंदू फुगतो, कवटीत मावत नाही, जनावर पिसाळल्यासारखं करतं आणि मरतं. सोडियम दोन दिवस लावून थेंबाथेंबानं उतरवावं लागतं. काळीला माझ्या खोलीत आणून डेक्स्ट्रोजच्या पाण्याची मोठी बाटली शिरेतून लावली, अगदी मंद.
काकांशी कडाडून भांडले. ते हसून म्हणाले, बेन, तुम्ही परवा आलात, आम्ही पिढ्यान्पिढ्या कुत्री पाळतोय. त्यांचा राग मी लक्ष्यावर काढला. माणूस आहेस की दगड, पाणी दे त्यांना, म्हणून ओरडले आणि तरातरा निघून आले.

११ मे, सकाळी नऊ
लक्ष्यानं पाणी दिलं. मी सांगितलं म्हणून. आठही कुत्र्यांना सोडून टाकीवर नेलं आणि पोट फुटेस्तोवर पिऊ दिलं. किती द्यायचं ते मी बोललेच नव्हते. रागात राहून गेलं. चूक माझी. माझीच.

दहा
दोघांना फिट आलीय. बाकीची एकमेकांना फाडतायत. काका काठी घेऊन आले, रोजच्यासारखी शीळ घातली. सगळी त्यांच्यावरच— गळा फोडला. मी पाहिलं. लक्ष्या सोडवायला धावला. मी नको नको म्हणत होते. त्याचं तोंड आता— नाही लिहवत.

सव्वादहा
पळत खोलीत आले. कडी लावली. बाहेरून दार ओरबाडतायत. फोन लागला, तलासरीहून मदतीची गाडी निघालीय. तास तरी लागेल. काळी कॉटखाली निजलीय. हिला तरी मी वाचवणार. एवढं एक तरी.

साडेअकरा
बाहेर सामसूम. मेली असणार सगळी. मी मारली. दोन माणसंही मीच—
काळीची बाटली बघितली.
रिकामी आहे.
रात्रीपर्यंत पुरायची होती. मघाशी आत शिरताना नळीत पाय अडकला होता. थेंब आवरायची नळीची कळ पूर्ण उघडी—
पूर्ण—
उठलीय ती. तोंडाला फेस. हाक मारली तर दात—
दार तिच्या पलीकडे आहे.
काळी, मी गं. मी नू