अप्पांचा डावा हात

लातूर, सोमवार संध्याकाळ

शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांना सांभाळतात ते केंद्र आज बघून आलो. सगळं तपासलं. चादरी स्वच्छ होत्या, वास नव्हता, दुखणं वाढलं तर रात्रीसुद्धा औषध द्यायला माणूस आहे. स्वतःवरच खूश होऊन घरी आलो आणि अप्पांना सगळं सांगत बसलो. कॅन्सरनं वाळलेले माझे वडील डोळे मिटून ऐकत होते.

मग म्हणाले, "लिंगपूजा करू देतेत का रं तिथं?"

हे मी विचारलंच नव्हतं. पार्किंगचं विचारलं, टीव्हीचं विचारलं. या माणसानं जन्मभर डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घेतला नाही, आणि मी टीव्हीचं विचारून आलो.

"हाव, करू देतेत," मी बोलून गेलो. सरळ खोटं.

त्यांनी डावा हात पांघरुणातून बाहेर काढला. तो आता इतका थरथरतो की रोज सकाळी माझी बायको खालून आधार देते.

"अन् हात कोण धरंल?"

"तिथल्या नर्स हायेत की."

"बरं," म्हणाले, आणि हात परत आत घेतला.

पूजेचं उद्या फोन करून विचारीन, ते खोटं निस्तरता येईल. पण हात धरायला मी येतो, एवढं माझ्या तोंडून का निघालं नाही? विचारताना ते डोळे उघडून माझ्याकडेच बघत होते.