चौथं घर

बोर्ली पंचतन,
फाल्गुन, सन १९२५

प्रिय काशी,

हे पत्र चाळीतल्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. तुला अक्षरं मी शिकवली आहेत. अडखळत का होईना, स्वतःच वाच. आज मी फार दमलो आहे. अक्षर वाकडं येईल, तेवढं सांभाळून घे.

काल शाळेची पोरं घेऊन खाडीपलीकडं गेलो होतो. तिथल्या चावडीच्या भिंतीत सरकारनं मोठ्या लढाईची दगडी पाटी बसवली आहे. ती मुलांना दाखवावी आणि शौर्याच्या चार गोष्टी सांगाव्यात, असा वरून हुकूम आला. धक्क्यावर पोचलो तर तुझ्या सासूबाई, सखुबाई, आधीच येऊन उभ्या. "पोरांसंगं मी बी येते," म्हणाल्या. त्यांच्या लेकानं, अंबाजींनी, भरतीत नाव दिलं ते त्याच गावात. नको कसं म्हणणार? होडीत दोन पोरं ओकली. उतरल्यावर वाळूनं पाय पोळत होते, मी जागोजाग थांबत होतो, आणि सखुबाई मात्र अनवाणी सगळ्यांच्या पुढं.

पाटी लहानशीच आहे. खाली कुणीतरी सुकटीसाठी जवळा वाळत घातला होता. मी मोठ्यानं वाचलं, की या गावातून आणि आसपासच्या वाड्यांतून एकोणतीस माणसं लढाईस गेली, त्यांपैकी चार मेली. नावं नाहीत. पोरं माझ्या तोंडाकडं बघत राहिली. शौर्याचं मी काय सांगणार? मला अंबाजी आठवत होते ते आपल्या अंगणात फणस फोडताना, कोपरापर्यंत चीक माखलेले, तुला हाक मारून तेल मागणारे.

"मास्तर, त्या चारांत माजा धरलाय काय?" सखुबाईंनी विचारलं. मी म्हटलं, पाटीवरून काही कळत नाही. सरकारी कागदातही 'बेपत्ता' एवढंच आलं होतं. त्या एका शब्दावर त्यांनी इतकी वर्षं लेकाचं ताट मांडलं. तुझ्या पाटाचा, दुसऱ्या लग्नाचा, विषय मी दोनदा काढला, दोन्ही वेळा "माजा लेक जित्ता हाय" म्हणून अंगावर आल्या. तू कधी भांडली नाहीस, मुकाट्यानं मुंबईची गिरणी धरलीस. तुम्हां दोघींच्या मध्ये निरोप नेता-आणता मीही थकलो होतो, काशी.

तेवढ्यात जवळा परतायला एक म्हातारी आली. ठमाबाई तिचं नाव. चारांतला एक तिचा लेक. घरांकडं बोट दाखवत ती सांगू लागली, "ह्यो एक माजा. एक वरल्या आळीतला, एक त्या विहिरीपासच्या घरातला. तिगांची घरं आमाला ठावी हायत. चवथं घर कुनाचं, ते गावात कुनालाच ठावं न्हाय. कोन कदी इचारायला बी आलं न्हाय."

 सखुबाई भिंतीला हात लावून हळूहळू खाली बसल्या आणि म्हणाल्या, "चवथं घर माजं."

ठमाबाईनं हात पदराला पुसले आणि शेजारी बसून त्यांची पाठ चोळू लागली. दोघी रडल्या नाहीत. पोरांना मी गूळपोहे खायला झाडाखाली पिटाळलं आणि स्वतः तिथंच टेकलो. भाषण राहूनच गेलं. परतताना होडीतून उतरायला सखुबाईंनी माझा दंड धरला. त्यांच्या अंगात इतकं कमी वजन उरलं आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

आज सकाळी त्या शाळेच्या पायरीवर येऊन बसल्या. "काशीला लिवा," म्हणाल्या, म्हणून हे पत्र. गिरणीत तुझ्या खात्यातला हरेश्वर तुझ्यासाठी थांबला आहे, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे, मी नाही. त्यांचा निरोप त्यांच्याच शब्दांत लिहितो. "तिला म्हनावं, पाट लाव. मी येईन. पन कुक्कू पुसू नको. एकदा पुसलं का परत लावाया हात धजत न्हाय. तसंच त्या मान्साच्या घरात जा."

तुझाच दादा,
मोरू