बकुळाबाईंचं पान, मुदत तीस दिवस

३ मार्च २००८, सोमवार. सकाळी ११.४०
बरोबर या मिनिटाला माझ्यावर अन्याय झाला. कळला संध्याकाळी.
शिरगावात बकुळाबाईंच्या बिल्डिंगखाली तिरडीचे बांबू पाहिले. वर जाऊन चौकशी करणं बरं दिसलं नाही. निवृत्त शिक्षिका संघाची सचिव या नात्याने घरी येऊन वेबसाइटवर श्रद्धांजलीचं पान टाकलं, लिंक सगळ्यांना ई-मेल केली. बकुळाबाई दिवाळीत आजारी पडल्या, तेव्हापासून मजकूर तयारच होता.
साडेपाचला बकुळाबाईंचा फोन. गेले ते दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा. हे आधी सांगायला काय झालं होतं? पान काढलं. विषय संपला.

५ मार्च
संघातल्या कौसाबाई म्हणतात, पान अजून दिसतंय. माझ्या कॉम्प्युटरवर नाही. तीनदा पाहिलं. कौसाबाईंना मोतीबिंदू आहे.

६ मार्च
संघातल्या अंबरनाथच्या दोघी बकुळाबाईंकडे हार घेऊन गेल्या. दार बकुळाबाईंनीच उघडलं. म्हणाल्या म्हणे, "या, बसा. हार मला घालताय की फोटो शोधू?" आजारी बाईला टवाळी शोभत नाही.

८ मार्च
साइट माझ्या भाच्याने, राजरत्नने बनवली. जानेवारीत मीच म्हटलं होतं, पान उघडेपर्यंत चहा थंड होतो. त्याने सर्व्हरच्या पुढे मिडलवेअर नावाचा एक कारकून बसवला. पान एकदा तयार झालं की याने कॉपी ठेवायची आणि पुढच्या प्रत्येकाला तीच द्यायची. सर्व्हरला उठवायचं नाही. "किती वेळ ठेवू? पाच मिनिटं?" मी तीस दिवस सांगितले. मी लिहिलेलं बदलावं लागत नाही. खोडरबर वापरणाऱ्या मुलीला आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर वर्गाबाहेर काढत.
आज म्हणतो, "मावशी, तू लॉगिन असतेस, तुला ताजं दिसतं. बाकी सगळ्यांना कॉपी." कौसाबाईंनी ११.४० लाच पान उघडलं, म्हणून कॉपी बनली. म्हणजे दोष कौसाबाईंचा.
"कॅश, म्हणजे ती ठेवलेली कॉपी, क्लिअर करू? एका मिनिटाचं काम आहे." हात लावायचा नाही, बजावलं. क्लिअर केलं की चूक माझी ठरते.

१२ मार्च
रविवारी सचिवपदाची निवडणूक. मी बिनविरोध. भाषण इंग्रजीत, पंधरा मिनिटं. माफी मागणार नाही. स्वतःबद्दल इतकं चांगलं जिवंतपणी कोणाला वाचायला मिळतं? आभाराची अपेक्षा आहे.

१६ मार्च, रविवार
बकुळाबाई काठी टेकत आल्या. "जयभीम. कालकथित बकुळा हजर." प्रिंटआउट काढून मोठ्याने वाचलं. "'स्वभाव फटकळ, पण मन बऱ्यापैकी.' बऱ्यापैकी म्हणजे शंभरात किती हो, यशोधराबाई?" बायका हसून हसून खोकल्या. भाषण झालं नाही.
कोणीतरी सचिवपदासाठी बकुळाबाईंचं नाव सुचवलं. त्यांना एकतीस मतं. मला एक. ते मीच दिलं. कौसाबाईंची खूण मोतीबिंदूमुळे चुकीच्या नावावर पडली असणार.

१७ मार्च. दुपारी ४
लॉगिन बंद. "नव्या सचिवांनी सांगितलं, मावशी." मग लोकांसारखी साइट उघडली. पहिल्यांदाच. बकुळाबाईंचा फोटो, माझा मजकूर. खाली माझं नाव: यशोधरा, सचिव. बराच वेळ बघत बसले.
राजरत्नला पत्र टाकलं. नक्कल:
"हे पान २ एप्रिल, सकाळी ११.४० पर्यंत राहणार. तोवर तिथे बकुळाबाई वारलेल्या आहेत आणि मी सचिव आहे. कॅश क्लिअर करणार नाहीस, असं गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत लेखी कळव. फोन चालणार नाही."