बैठ्या घराला जिना

तुझ्या घराला जिना कधी फुटला रे? जागा घेतलीस तेव्हा तूच लिहिलं होतंस, "आई, बैठी जागा आहे, एक पायरीसुद्धा नाही, तुझ्या गुडघ्यांना सोयीची." ते पत्र माझ्या डब्यात आहे. आणि आता लिहितोस, सूनबाई जिन्यावरून पडली, उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून या वेळी तिच्या दोन ओळी नाहीत. माणसाने खोटं बोलावं तर आधीचं लक्षात ठेवून बोलावं. तेवढी मेहनतही तुला आईसाठी घ्यावीशी वाटली नाही.

ता. ११, मंगळवार

चिरंजीवास आईचा आशीर्वाद. पत्राची रीत म्हणून लिहिला आहे, फार मनावर घेऊ नकोस. माझी तब्येत बरी. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता सुईचं भोक दिसतं. माणसंही दिसायला लागलीत, त्याला इलाज नाही.

हे पत्र ज्या दोघी घेऊन आल्यात त्यांना बसायला सांग. एक आपल्या रांगेतली काजवाली, कपड्यांना काज-बटणं करणारी, तुला लहानपणी शर्टाची बटणं लावून द्यायची ती. दुसरी तुमच्या गावच्या दवाखान्यातली सिस्टर. चहा विचारू नकोस, घेणार नाहीत. पत्र शेवटपर्यंत वाच, मधेच उठू नकोस. मी तिसरी नापास. मला लिहायला चार दिवस लागले, तुला वाचायला दहा मिनिटं जड होऊ नयेत.

इकडची खबर सांगते. रांगेतल्या नऊ खोल्यांत अजून नऊ मशीनं आहेत. कारखान्यातून कापलेल्या कॉलरींचे गठ्ठे येतात, आम्ही शिवून परत देतो. आमच्या शेजारच्या बिनमशीनच्या खोलीत एक रंगारी आलाय, भिंती रंगवणारा. तोंडाने साखर. येता-जाता "आजी, पाणी भरून देऊ का?" आणि दुपारी जेवायला घरी आला की बायकोला बदडायचा. टॉवेल ओला का, एवढं कारण पुरायचं.

मग रांगेत काय व्हायचं ते तुला सांगायला नको. नऊच्या नऊ मशीनं जोरात. कुणी कुणाला सांगत नसे. माझ्या सासूने मला शिकवलं, मी पुढच्या बायकांना शिकवलं: दुसऱ्याच्या घरातलं ऐकू आलं की पाय जोरात चालवावा. माल निघतो, कानाला त्रास होत नाही आणि संध्याकाळी नळावर एकमेकींच्या तोंडाकडे बघता येतं.

मागच्या वर्षी रंगाऱ्याच्या बायकोचा हात मोडला. दवाखान्यात तिने सांगितलं, जिन्यावरून पडले. आमच्या इथली सिस्टर बारकी पोरगी, फुंकलं तर उडेल. दुसऱ्या दिवशी रांगेत आली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली आणि माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "आजी, इथे जिना कुठाय?"

मी म्हटलं, "नाही."

"मग पडली कुठून?"

मी मशीन चालू केलं. तिने वाकून चाकावर हात ठेवला, चालत्या चाकावर, आणि थांबवलं. म्हणाली, "सगळ्यांना ऐकू येतं हे त्यालाही माहीत आहे. तुमची मशीनं सुरू झाली की त्याला कळतं, आता कुणी येत नाही."

चाळीस वर्षं मी समजत होते की मी कान झाकते. मी त्याला खुशाल चालू दे म्हणून सांगत होते.

तर आम्ही उलटं केलं. आवाज आला की मशीनं बंद. सगळी. बघ एकदा करून, नऊ मशीनं एकदम थांबली की भिंतीलाही कान फुटतात. मग तिघींनी दाराशी जायचं, एकटीने कधीच नाही. बाकीच्यांनी आपापल्या दारात उभं राहायचं. त्याच्याशी वाद घालायचा नाही, काहीतरी मागायचं आणि बोलायचं तिच्याशी. तिचे कागद, दोन कपडे आणि औषधाच्या चिठ्ठ्या आधीच माझ्या चिंध्यांच्या पोत्यात होत्या. पुरुषमाणूस जगात सगळीकडे हात घालेल, चिंध्यांच्या पोत्यात घालणार नाही.

पहिल्या दिवशी गेलो तेव्हा रंगाऱ्याने दार उघडलं. घामाघूम.

"काय हवंय, आजी?"

"कात्री."

"तिघींना एक कात्री?"

"तिघींच्या एकदम बोथट झाल्या."

"हा आमचा घरगुती मामला आहे."

"घरगुती असता तर माझ्या घरात ऐकू आला नसता. आणि तुला कोण विचारतंय? पोरी, कात्री आहे का, की तूच येतेस?"

वाद घालायचा नाही असं ठरलं होतं. पण जीभ आहे, सुटते.

ती आली. कात्री न घेताच आली, एका पायात चप्पल.

लगेच सगळं गोड झालं असं समजू नकोस. ती दोनदा परत गेली त्याच्याकडे. त्याने चार दिवस माझ्या उंबऱ्यावर पिंका टाकल्या. मग आवाज न करता मारायला लागला, तेव्हा तिने खिडकीत लाल फडकं लावायचं ठरलं. रांगेतले पुरुष म्हणायचे, बायकांना काम उरलं नाही. मला राग यायचा, आज हिला उचलून बहिणीकडे टाकावी असं वाटायचं. सिस्टर म्हणाली, "तिच्या वतीने तुम्ही ठरवू नका, आजी. ते तर तिचा नवराही करतो." तिसऱ्यांदा ती स्वतःच्या पायांनी बहिणीकडे गेली. अजून आली नाही. रंगारी भिंतीकडे तोंड करून जेवतो.

आता जे लिहायला चार दिवस लागले ते.

त्या पहिल्या दुपारी कात्री मागून परत येताना काजवाली मला म्हणाली, "आजी, पाच वर्षांपूर्वी तुमच्याही दाराशी यायला हवं होतं आम्ही. पण तुमचंच मशीन सगळ्यांत जोरात चालायचं."

तेव्हा तुम्ही सगळे माझ्याकडेच राहत होतात.

तू आतल्या खोलीत होतास. दाराला मी आतून कडी घालू दिली. पहिल्यांदा नव्हतंच ते, तुला किती वेळा ते आठवत नसेल, मला आठवतं. मी बाहेर मशीनवर. कॉलर घेतली, सुईखाली सरकवली आणि पाय मारत राहिले. कडेने गेले, परत फिरले, परत त्याच कडेने. तू दार उघडून माझ्याकडे न बघता बाहेर निघून गेलास. मग सूनबाई आली. ओठ फाटलेला. माझ्या हातातल्या कॉलरीकडे बघितलं. म्हणाली, "आई, दोरा नाहीये सुईत."

खरंच नव्हता. सगळ्या कॉलरीला नुसती भोकं, टाका एकही नाही. तिने रीळ घेतलं, दोऱ्याचं टोक दातात धरायला गेली, ओठामुळे जमेना, मग बोटांनी पीळ दिला आणि मशीनच्या सुईत दोरा ओवून दिला. मला म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही ना." आणि मी, तुझी आई, काय म्हणाले? "चेहरा धू, लोक बघतील."

डोळ्याचं ऑपरेशन नंतर झालं. पण त्या दिवशी मला दिसत नव्हतं हे खोटं आहे.

ती कॉलर कारखान्याला परत दिली नाही. उंदराने कुरतडली म्हणून सांगितलं. काजवालीच्या पिशवीत आहे, ती सूनबाईला द्यायची, तुला नाही. माफी लिहिलेली नाही. लिहून काय होतं, तिच्या हाताचं हाड काय पत्राने जुळणार आहे?

तू म्हणशील, बापाने तेच केलं, मी बघत मोठा झालो. झालास खरा. माझ्या मशीनच्या पायाशी बसून बघत होतास, आणि तुझी थोरली बहीण तुझ्या शेजारीच बसलेली असायची. ती कुणाला मारत नाही. तेव्हा बापाचं नाव पुढे करू नकोस. माझं कर हवं तर. माझ्या मशीनच्या आवाजात तू शिकलास की कुणी येत नाही. माझ्या वाटणीचं मी घेते. तुझं तुझ्याकडे राहू दे.

हे सगळं मी तुझ्या जिन्यामुळे लिहिलं असं नाही. मागच्या महिन्यात फोन लावला तर तू आंघोळीला होतास, छकुलीने उचलला. म्हटलं, काय करतेस गं? म्हणाली, "आजी, मला युक्ती सापडलीये. बाबा ओरडायला लागले की मी टीव्ही मोठा करते. मग काहीच ऐकू येत नाही." नऊ वर्षांची पोर. तिला कुणी शिकवलं नाही. तिला मशीन नाही, तर तिने टीव्ही शोधला.

म्हणून बायका आल्या आहेत. सूनबाईला विचारल्याशिवाय आलेल्या नाहीत. आमच्या सिस्टरने तुमच्या सिस्टरला फोन केला होता; प्लास्टर दाखवायला सूनबाई दवाखान्यात आली, तू बाहेर बाकावर बसून होतास, तेवढ्यात विचारून झालं. दिवसही तिनेच सांगितला. छकुली आता शाळेत आहे, तिच्या बाईंना माहीत आहे. तुमच्या शेजारणीला माहीत आहे. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालाही माहीत आहे. तुझ्या घराला जिना नाही हे आता सगळ्यांनी मोजून ठेवलंय.

सूनबाई येते म्हणाली तर माझी आतली खोली मोकळी आहे. कडी मी काढून टाकली आहे, बाहेरचीही आणि आतलीही. तिला हवी असेल तर आतून नवी बसवून घेईल. राहते म्हणाली तर राहील. मग काजवाली पुढच्या मंगळवारी येईल, त्याच्या पुढच्याही, आणि तिचे गुडघे थकले तर माझे आहेत. तू इकडे यायचं नाहीस. तुला भेटायचं असेल तर मी येईन, एकटी नाही.

आता पत्र खाली ठेव. चप्पल घाल आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहा. दार उघडंच राहू दे.

एरवी "तुझी आई" लिहिते. आज नाही.

सूनबाईची सासू

ता. क. पलीकडून "काय म्हणतेय ती?" असं ओरडून विचारू नकोस, आणि मला पत्र लिहायला बसू नकोस. विचारलंय तिला. हात मोडलाय, तोंड शाबूत आहे. उत्तर तीच देईल.